ताप उतरला, ईसीजी सुधारला. मग उंदराचं काय?

या वेळच्या टपालात एकाच बातमीवरून चार पत्रं आली आहेत. उंदरातलं एक जनुक काढून टाकलं, उंदराच्या अंगातली उष्णता वाढवली आणि त्याच्या हृदयातलं विजेचं वहन कोलमडलं, अशी ती बातमी. प्रयोग खरा आहे, २०१६ साली प्रसिद्ध झालेला आहे. पण बातमीतून निम्मी गोष्ट गळली आहे आणि गळलेली निम्मीच जास्त कामाची आहे. शरीरक्रियाशास्त्र शिकवण्यातून मी आता निवृत्त झाले असले तरी उंदराच्या हृदयाच्या सुट्या पेशींवर बरीच वर्षं काम केलं आहे. त्यामुळे पहिलं उत्तर लांबणार, आधीच सांगून ठेवते.

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला (वय ३६) १०३ ताप होता आणि छातीत धडधडत होतं म्हणून ईसीजी काढला. डॉक्टरांनी त्यावर ‘ब्रुगाडा पॅटर्न’ असं लिहिलं. ताप उतरल्यावर काढलेला ईसीजी अगदी नॉर्मल आला, इकोही (हृदयाची सोनोग्राफी) नॉर्मल. तो कधी चक्कर येऊन पडलेला नाही, घरात कुणी तरुणपणी अचानक गेलेलं नाही. त्या उंदराची बातमी वाचल्यापासून ‘ते जनुक माझ्यातही तपासा’ असा त्याने धोशा लावला आहे. मॅडम, तपासून घ्यावं का? आणि दोन ईसीजींपैकी खरा कोणता मानायचा?

उत्तर : ताई, दोन्ही खरे. ब्रुगाडा म्हणजे हृदयाच्या विजेचा एक विकार, ईसीजीवर त्याचा खास चढ दिसतो आणि काहींत हृदयाची लय अचानक घातक बिघडू शकते. ईसीजीच्या कागदावर हृदयाची जेमतेम दहा सेकंदं उमटतात. तापातली दहा सेकंदं वेगळी, ताप नसतानाची वेगळी. भावाच्या डॉक्टरांना तापातच ईसीजी काढायचं सुचलं हे तुमचं नशीब म्हणायचं, एरवी हा पॅटर्न कदाचित कधी दिसलाच नसता. तो पहिला कागद फाईलमध्ये सगळ्यांत वर लावा. दुसरा चांगला आला म्हणून पहिला टाकून देणारी माणसं मी पाहिली आहेत.

आता उंदराकडे येऊ. हृदयाच्या बहुतेक पेशींत ठोक्याची सुरुवात सोडियमने होते. पेशीच्या आवरणात सोडियम चॅनल नावाची प्रथिनं असतात. शेजारच्या पेशीकडून विजेचा धक्का आला की ती एका मिलिसेकंदाच्या आत उघडतात, बाहेरचं सोडियम आत घुसतं आणि काही मिलिसेकंदांत चॅनल आपोआप मिटतात. हृदयातल्या या मुख्य चॅनलचं जनुक एससीएन-५ए. उंदरात ते पूर्णपणे काढून टाकलं तर पिल्लू जन्मालाच येत नाही, गर्भ साधारण दहाव्या-अकराव्या दिवशी दगावतो. दोनपैकी एकच प्रत काढली तर उंदीर जगतो, पण सोडियमचा प्रवाह निम्म्यावर येतो आणि हृदयातलं वहन मंदावतं. हे २००२ मध्येच दाखवून झालं आहे.

तुमच्या भावाने वाचलेलं जनुक मात्र चॅनलचं नाही, चॅनलच्या सोबत्याचं आहे. एफजीएफ-१३ किंवा एफएचएफ-२, दोन्ही नावं त्याचीच. वाढ-घटकांच्या घराण्यातलं असूनही हे प्रथिन पेशीबाहेर जाऊन वाढीचा निरोप देत फिरत नाही. ते पेशीच्या आतच राहतं आणि सोडियम चॅनलच्या शेपटाला चिकटून बसतं. उंदराच्या हृदयपेशीत त्याचं प्रमाण कमी केलं की सोडियमचा प्रवाह घटतो आणि वहन मंदावतं, हे २०११ मध्ये दिसलं होतं. तेव्हा त्यावर फारसा गाजावाजा झाला नाही. चॅनलला चिकटणारी प्रथिनं पुष्कळ आहेत (अँकिरिन आहे, सिंट्रोफिन आहे, कॅल्मोड्युलिन आहे), त्यांत आणखी एकाची भर पडली एवढंच.

२०१६ च्या प्रयोगात हे जनुक असलेले आणि नसलेले उंदीर शेजारी शेजारी ठेवले. ते नसलेल्या उंदरांच्या हृदयाची लय एरवी अगदी व्यवस्थित होती. मग त्यांच्या अंगाचं तापमान वाढवलं. जेमतेम ३ अंश सेल्सिअस वाढ झाली आणि ईसीजीवर ब्रुगाडासारखा घुमटाकार चढ उमटला, पुढे वहन टप्प्याटप्प्याने बंद पडत गेलं. बातमी इथे संपते. पुढचं वाक्य असं आहे : तापमान पूर्ववत झाल्यावर सगळं पूर्ण सुधारलं. म्हणजे हृदयाच्या घडणीत काही मोडलेलं नव्हतं. बिघाड होता तो उष्णतेपुरता.

असं का होतं, ते सांगते, कारण तुमच्या भावाच्या दोन ईसीजींचं कोडंही त्यानेच बरंचसं सुटतं. चॅनल म्हणजे स्प्रिंग लावलेलं दार समजा. कुणीतरी ढकललं की उघडतं, स्प्रिंगमुळे परत मिटतं. एफएचएफ-२ हे त्या दाराचा वेग आवरणारं उपकरण, त्याच्यामुळे दार धाडकन आपटत नाही. उष्णता वाढली की स्प्रिंग जास्त कडक होते, सगळ्यांच्याच हृदयात होते. आवरणारं उपकरण जागेवर असलं तर निभावतं. ते नसेल तर पुरेसं सोडियम आत जायच्या आधीच दार आपटतं, आणि काही दारं तर न उघडताच अडकून बसतात. एकटी उष्णता हृदयाला सोसवते, एकट्या उपकरणाची उणीवही सोसवते. दोन्ही एकत्र आली की ठोका पुढे सरकत नाही.

प्रयोगशाळेत आम्ही हृदयाच्या पेशी सुट्या करायचो. हृदय काढून नळीवर टांगायचं, त्यातून विकराचं (एन्झाइमचं) द्रावण सोडायचं, पेशी मोकळ्या झाल्या की कॅल्शियम हळूहळू परत द्यायचं. घाई केली तर सगळ्या पेशी आकसून गोळा होतात आणि सकाळ वाया जाते. मग काचेच्या केसासारख्या बारीक नळीने एकेका पेशीतला प्रवाह मोजायचा. सोडियमचा प्रवाह मोजताना जवळजवळ सगळे जण खोलीच्या तापमानाला, २२ ते २५ अंशांना, काम करतात. कारण साधं आहे : ३७ अंशांना हा प्रवाह इतका मोठा आणि इतका चपळ असतो की यंत्राच्या हाती लागत नाही. सोयीसाठी घेतलेला निर्णय, आणि वर्षानुवर्षं कुणी त्यावर फार विचार करत नाही. २०१६ च्या प्रयोगातल्या, जनुक नसलेल्या उंदरांच्या पेशी २५ अंशांवर धक्का दिला की व्यवस्थित प्रतिसाद देत होत्या, ४० अंशांवर त्यांनी प्रतिसादच दिला नाही. आमच्या नेहमीच्या तापमानाला हा बिघाड दिसलाच नसता. खरं तर हा इशारा १९९९ मध्येच मिळाला होता. ब्रुगाडाच्या एका माणसातला चॅनलचा बदल खोलीच्या तापमानाला फारसा वेगळा वागत नव्हता, शरीराच्या तापमानाकडे जाऊ लागताच त्याचा दोष उघडा पडला. आम्हा लोकांना तो इशारा पचायला वेळ लागला.

आता भावाची तपासणी. एफजीएफ-१३ तपासू नका. उंदराच्या हृदयात या घराण्यातलं मुख्य प्रथिन एफजीएफ-१३ आहे, माणसाच्या हृदयात ते काम मुख्यतः त्याचा भाऊ एफजीएफ-१२ करतो. २०१३ मध्ये एका ब्रुगाडा रुग्णात एफजीएफ-१२ मध्ये बदल सापडला होता, पण एका रुग्णावरून जनुकाला दोषी ठरवता येत नाही. २०१८ मध्ये तज्ज्ञांनी ब्रुगाडाशी जोडलेली २१ जनुकं एकेक करून पुन्हा तपासली. भक्कम पुरावा फक्त एकाच जनुकाचा निघाला, एससीएन-५ए चा. उरलेली वीस वादग्रस्त ठरली. म्हणून कुणी लांबलचक यादीचं पॅनेल (एकदम अनेक जनुकांची तपासणी) पुढे केलं तर यातली किती जनुकं उपयोगाची आहेत ते आधी विचारा. यादी जितकी लांब तितके ‘अर्थ स्पष्ट नाही’ अशा शेऱ्याचे निकाल जास्त, आणि तो शेरा वाचून रात्रीची झोप जाते ती तुमची, प्रयोगशाळेची नाही.

एससीएन-५ए तपासायचं का, हे हृदयाच्या विद्युत-विकारांचे डॉक्टर ठरवतील. पण त्या तपासणीचं वजन किती ते आधी समजून घ्या. ब्रुगाडाच्या निदानासाठी शांघाय गुणांकन म्हणून एक पद्धत आहे. ताप नसताना, औषध न देता आपोआप दिसलेला खास पॅटर्न ३.५ गुण, तापात दिसलेला ३, औषध देऊन उमटवलेला २. शुद्ध हरपून पडणं, झोपेत घरघर लागणं, घरातले अचानक मृत्यू, यांचे वेगळे गुण. जनुकात रोगकारक बदल सापडला तर त्याचे मिळतात अर्धा गुण. ३.५ ला निदान बऱ्यापैकी पक्कं धरतात. तुमच्या पत्रावरून तुमचा भाऊ ३ वर दिसतो, म्हणजे ‘शक्यता आहे’ या रकान्यात. शिवाय ब्रुगाडाच्या दर पाच रुग्णांपैकी साधारण एकातच एससीएन-५ए मध्ये बदल सापडतो, फार तर त्याहून थोड्या अधिकांत. जनुक नॉर्मल आलं म्हणून भाऊ सुटला असं मुळीच नाही. बदल सापडला तर मात्र घरच्यांची तपासणी सोपी होते, कारण तो प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी असते.

एक सापळा सांगून ठेवते, कारण तुमचा भाऊ वाचणारा आहे. ब्रुगाडा पुरुषांत कितीतरी जास्त दिसतो आणि एफजीएफ-१३ हे जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. दोन गोष्टी जोडून ‘सापडलं!’ म्हणायचा मोह होतो. एससीएन-५ए माणसाच्या तिसऱ्या गुणसूत्रावर आहे, त्याचा स्त्री-पुरुषाशी संबंध नाही. पुरुषांतल्या आधिक्याचं कारण पुरुषी संप्रेरकांत आणि पोटॅशियमच्या एका प्रवाहात शोधलं जातं.

करायचं काय, तर हे. ताप आला की भावाने तो अंगावर काढायचा नाही, पॅरासिटामॉल लगेच घ्यायचं आणि उतरेपर्यंत लक्ष ठेवायचं. ताप हटत नसेल, चक्कर आली, तोल गेला, तर थेट रुग्णालय, आणि तिथे पोचल्यावर पहिलं वाक्य ‘माझ्या ईसीजीत तापात ब्रुगाडा दिसला होता’ हे. भूल देण्याआधी आणि दाताच्या इंजेक्शनआधीही हेच वाक्य, कारण काही भुलीची औषधं, ॲमिट्रिप्टिलिनसारखी काही नैराश्याची औषधं आणि हृदयाची लय सुधारणारी काही औषधं त्याला चालणार नाहीत. अशा औषधांची यादी डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि फोनमध्ये ठेवा. भरपूर दारू पिणं बंद. आई, वडील, तुम्ही आणि त्याची मुलं असतील तर ती, सगळ्यांचा एकेक ईसीजी काढून घ्या. काढताना छातीवरच्या पहिल्या दोन पट्ट्या नेहमीच्या जागी आणि मग एक व दोन बरगड्या वर लावूनही नोंद करा असं सांगा. हा पॅटर्न पुष्कळदा वरच्याच जागी दिसतो, आणि तंत्रज्ञ सांगितल्याशिवाय पट्ट्या वर सरकवत नाहीत.

प्रश्न : मी जीवशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. उंदराचं हृदय मिनिटाला पाचशे-सहाशे ठोके देतं, आपलं सत्तर-ऐंशी. मग उंदरावरच्या प्रयोगातून माणसाच्या हृदयाबद्दल काय कळणार? नुसता शास्त्रज्ञांचा वेळ जातोय असं वाटतं.

उत्तर : वेळ वाया जातोय की नाही हे आपण उंदराला कोणता प्रश्न विचारतोय त्यावर ठरतं, बाळा. ठोक्यानंतर पेशी परत शांत होते तो भाग उंदरात फार वेगळा आहे. आपल्या पेशीचा विद्युत-ठोका सुमारे ३०० मिलिसेकंद चालतो, त्यात मधला लांब पठाराचा भाग असतो. उंदराचा काही दहा मिलिसेकंदांत आटोपतो आणि पठार जवळजवळ नसतंच. शांत होण्याचं काम करणारे पोटॅशियमचे प्रवाहही दोघांत वेगवेगळे. त्यामुळे ‘हे औषध क्यूटी (ईसीजीवर ठोका सुरू होण्यापासून पेशी शांत होईपर्यंतचा वेळ) लांबवेल का’ हा प्रश्न घेऊन कुणी उंदराकडे गेलं तर मी कपाळाला हात लावते. उंदराच्या ईसीजीत आपल्यासारखा सपाट एसटी भागसुद्धा (ब्रुगाडाचा चढ दिसतो तो भाग) नसतो. त्यामुळे ‘उंदरात ब्रुगाडा दिसला’ हे वाक्य वाचताना थोडं सावध राहावं. मूळ लेखकांनीही सगळा भार त्या चढावर टाकलेला नाही, वहन बंद पडल्याचं त्यांनी वेगवेगळ्या मार्गांनी दाखवलं आहे.

सोडियमने होणारी ठोक्याची सुरुवात मात्र दोघांत खूपच सारखी आहे. चॅनल तेच, उघडण्या-मिटण्याची तऱ्हा तीच. वहनाच्या प्रश्नावर उंदराची साक्ष मला बऱ्यापैकी भरवशाची वाटते. माणसात ही गोष्ट अशी सुटी करून बघताच येत नाही. एका रुग्णाच्या जनुकांत हजारो फरक असतात, कशाने काय झालं ते सांगणं मुश्कील. इथे दोन उंदरांत ठरवून एकच फरक ठेवलेला आहे.

तुझ्यासारख्या विद्यार्थ्याने या प्रयोगातून उचलायची गोष्ट मला वेगळीच वाटते. जनुक काढल्यावर ‘काहीच झालं नाही’ असा निकाल आला की पुष्कळ जण प्रकरण मिटवून टाकतात. या लोकांनी उंदराला अडचणीत घातलं आणि मग बघितलं. ताप येण्याची प्रतिक्रिया प्राण्यांमध्ये ६० कोटी वर्षांहून जुनी आहे. एवढा काळ उष्णतेचे झटके सोसत आलेल्या हृदयात त्यासाठी काही बंदोबस्त असणारच, असा विचार करून पाहिलं तर प्रयोगाची दिशा आपोआप सुचते. हेच जनुक मेंदूच्या पेशींतही काम करतं, आणि त्यात बिघाड असलेल्या उंदरांना अंग तापल्यावर झटके येतात. तापात झटके येणाऱ्या एका कुटुंबाच्या आजाराचा माग या जनुकापर्यंत पोचला आहे, तो २०१५ मध्ये. तुला वाचायचं असेल तर हृदयापेक्षा तिथून सुरुवात कर, चित्र लवकर उमगेल.

प्रश्न : हृदयाच्या सोडियम चॅनलमध्ये दोष असेल तर जेवणातलं मीठ बंद करावं का? की उलट वाढवावं?

उत्तर : दोन्ही नको. रक्तातलं सोडियम लिटरला १३५ ते १४५ मिलिमोल या पट्ट्यात मूत्रपिंडं धरून ठेवतात, तुम्ही चिमूटभर कमी खाल्लंत की जास्त, त्याने चॅनलच्या दाराशी काही फरक पडत नाही. दोष चॅनलच्या प्रथिनात असतो. रक्तदाबासाठी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे, ती तुम्हालाही लागू आहे आणि मलाही. अळणी खाऊन सोडियम फार खाली नेलंत तर वेगळेच प्रश्न उभे राहतील.

प्रश्न : वय ६१. हृदयाची लय अधूनमधून बिघडते (एट्रियल फिब्रिलेशन), त्यासाठी फ्लेकॅनाइड घेतो. हे औषध सोडियम चॅनल बंद करतं असं वाचलं. उंदराची बातमी वाचून दोन दिवस गोळी घेतलेली नाही. बरोबर केलं का?

उत्तर : नाही, दादा. हे पत्र छापून येईपर्यंत वाट पाहू नये म्हणून तुम्हाला पत्रिकेच्या कार्यालयातून फोन करायला सांगितलं आहे. डॉक्टरांना न विचारता लयीची गोळी सोडलीत तर बिघडलेली लय परत येऊ शकते, आणि दोन दिवसांच्या खंडानंतर ती पुन्हा कशी सुरू करायची हेही त्यांनाच ठरवू द्या.

औषधाबद्दल तुम्ही वाचलंत ते खरं आहे. फ्लेकॅनाइड सोडियम चॅनल अडवतं, त्यामुळे वहन मंदावतं, आणि काहींच्या बाबतीत नेमकं तेच हवं असतं. त्याची धोक्याची बाजूही उंदरापेक्षा माणसातच जास्त नीट कळलेली आहे. हार्ट ॲटॅक येऊन गेलेल्या लोकांत जादा ठोके दाबण्यासाठी हे औषध आणि त्याचं भावंड एन्कॅनाइड देऊन पाहिलं होतं. जादा ठोके कमी झाले, पण औषध नसलेल्या नकली गोळीवर असलेल्यांपेक्षा या औषधांवर असलेल्यांत मृत्यू जास्त झाले, म्हणून १९८९ मध्ये त्या चाचणीतला या दोन औषधांचा भाग थांबवावा लागला. तेव्हापासून ॲटॅक येऊन गेलेल्या किंवा स्नायू कमजोर झालेल्या हृदयाला फ्लेकॅनाइड देत नाहीत.

तेव्हा डॉक्टरांना आजच भेटा आणि चार गोष्टी विचारा. माझा इको गेल्या वर्षभरात झाला आहे का? रक्तवाहिन्यांच्या अडथळ्याची शंका तपासली आहे का? गोळी सुरू केल्यानंतरच्या ईसीजीत क्यूआरएस (ठोक्याचा टोकदार भाग) किती रुंदावला? आणि जोराचा ताप आला तर गोळी तशीच चालू ठेवू की तुम्हाला फोन करू? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी आकड्यात दिलं तर ते चिठ्ठीवर लिहून घ्या, पुढच्या वेळी तुलनेला लागेल.